पंख्याची फायटर विमानं ठेवून दिली असती तर पुढच्या युद्धांत चालली असती का?

माजिवडा_मॉडेलर (ठाणे)

मंडळी, एक प्रश्न आहे, इथे विमानवेडे भरपूर आहेत म्हणून टाकतोय. दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची (प्रोपेलरवाली) फायटर, म्हणजे मस्टँग, थंडरबोल्ट, कोर्सेअर, आपल्या एअरफोर्सकडे होती ती टेम्पेस्ट आणि स्पिटफायर, जेट आल्यावर ही सगळी धडाधड भंगारात निघाली. काहींची तर नवी नवलाईसुद्धा संपली नव्हती. मला विचारायचंय की ती नीट सांभाळून ठेवली असती तर पुढच्या लढायांत उपयोगी पडली असती का? जेटशी डॉगफाइट करायचं म्हणत नाहीये मी, तेवढं कळतं. जमिनीवरच्या सैन्याला मदत, ट्रकचे ताफे उडवणं, डोंगरात दबा धरून बसलेल्यांवर बॉम्ब टाकणं, असली कामं.

खास करून दोन ठिकाणं डोक्यात आहेत, ६२ चं नेफा (आताचा अरुणाचल) आणि ९९ चं कारगिल. ठाणे-वाशी लोकलमध्ये आमचा रोजचा ग्रुप आहे, तिथे यावरून तुर्भे येईपर्यंत भांडण झालं. एक जण म्हणतो जेटच्या जमान्यात पंखा म्हणजे बळीचा बकरा, विषय संपला. मला नाही वाटत तो इतक्यात संपतो. टेबलावर टेम्पेस्टचं किट अर्धवट जोडलेलं पडलंय त्यामुळे माझा कल कुठे आहे ते सांगायला नको.

घणसोलीगरुड

लोकलवाला मित्र बरोबर आहे. मिग-१५ या जेटचा स्पीड हजार किलोमीटरच्या वर, मस्टँगला फुल थ्रॉटल दिलं तरी सातशेच्या आसपास. तो वरून येणार, गोळ्या घालणार, निघून जाणार, तुम्हाला मान वळवायलाही सवड नाही. जुनं ते सोनं वगैरे दागिन्यांत ठीक आहे. पायलट घडवायला वर्षं जातात, त्याला असल्या डब्यात बसवून पाठवायचं?

स्वाती_पाचपाखाडी

गरुडा, जरा दमानं. "चालली असती का" काय, चाललीच की. एकदा नाही, दर दहा वर्षांनी कुठे ना कुठे.

कोरियाचंच घ्या. जून १९५० मध्ये युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेची एफ-८० जेट जपानात होती. तिथून उडून कोरियात पोचेपर्यंत इंधन एवढं संपायचं की टार्गेटवर घिरट्या घालायला जेमतेम काही मिनिटं हातात. आणि कोरियातल्या धावपट्ट्या आखूड, खडबडीत, तिथे जेट उतरवायची सोय नाही. मग काय, अमेरिकेत नॅशनल गार्डकडे असलेली १४५ मस्टँग गोळा केली, बॉक्सर नावाच्या विमानवाहू जहाजावर लादली आणि जुलैमध्ये अख्खा पॅसिफिक ओलांडून आणली. जपानमधल्या काही स्क्वाड्रननी तर हातातली जेट सोडून परत मस्टँग घेतली, म्हणजे बढतीच्या जागी बदली! ऑस्ट्रेलियाची ७७ स्क्वाड्रन, दक्षिण आफ्रिकेची २ स्क्वाड्रन, हेही तिथे मस्टँगवर लढले.

आणि माझा आवडता किस्सा. उत्तर कोरियावाले रात्री पो-२ नावाचं लाकडी सांगाडा आणि कापडाचं दोन पंखांच्या थरांचं विमान पाठवायचे, १९२० च्या दशकातलं डिझाइन, स्पीड आपल्या एक्सप्रेस गाडीएवढा. येऊन चारदोन बॉम्ब टाकायचं आणि सगळ्या छावणीची झोप उडवायची. याच्या मागे जेट सोडलं तर जेटला एवढं हळू उडताच येत नाही. एक एफ-९४ त्याच्या मागे स्पीड कमी करता करता शेवटी पडलंच. मग नौदलाने कोर्सेअरचं रात्रीचं व्हर्जन पाठवलं, गाय बॉर्डेलॉन नावाच्या पायलटने १९५३ च्या जून-जुलैमध्ये अशी पाच विमानं पाडली. कोरियात अमेरिकन नौदलाचा एस (पाच विमानं पाडणारा) झालेला पायलट हा एकच आणि तो पंख्याच्या विमानावर.

मिगचं म्हणशील तर ९ ऑगस्ट १९५२ ला ब्रिटिश नौदलाच्या सी फ्युरींनी एक मिग-१५ पाडलं, सप्टेंबरमध्ये एका कोर्सेअरनेही पाडलं. रोज नाही घडत असं हे मान्यच.

शेवटची पंखा विरुद्ध पंखा लढाई कधी झाली माहितीय? जुलै १९६९. माणूस चंद्रावर उतरायच्या तीन दिवस आधी. होंडुरास आणि एल साल्वादोरच्या चार दिवसांच्या युद्धात १७ जुलैला होंडुरासच्या फर्नांडो सोतोने कोर्सेअरमधून एक मस्टँग आणि दोन कोर्सेअर पाडली. दोन्हीकडे तेच जुने साहेबलोकांचे वापरलेले सेकंडहँड माल :)

माजिवडा_मॉडेलर

स्वातीताई कमाल! चंद्राचं माहितीच नव्हतं. पण मग एवढी चालत होती तर बंद का केली, नुसती फॅशन म्हणून?

फिटरकाका_ऐरोली

पोरांनो तुम्ही सगळे स्पीडवर भांडताय, मी जरा बॉनेट उघडून सांगतो. मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, आग्र्याला पॅकेट विमानांवर, सी-११९ म्हणतात ते, आता रिटायर होऊन ऐरोलीत नातवंडं सांभाळतो. पॅकेटला राइटचं आर-३३५० इंजिन, अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगा गोल मांडलेल्या. हेच इंजिन बी-२९ बॉम्बरला आणि हेच व्हिएतनाममधल्या स्कायरेडरला, त्यामुळे त्या खानदानाचं तेल माझ्या नखांत बरीच वर्षं होतं.

मस्टँगची गोष्ट अशी की ते देखणं आहे, लांब उडतं, पण त्याचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि रेडिएटर पोटाखाली. वर उंचावर जर्मन विमानांशी लढताना ठीक आहे, पण कोरियात त्याला झाडांच्या उंचीवर आणून ट्रकवर गोळ्या मारायला लावलं, खालून प्रत्येक शिपाई रायफल चालवतोय, त्यातली एक गोळी कूलंटच्या पाइपला लागली की पाणी गेलं, थोड्याच वेळात इंजिन जाम, खाली डोंगर. म्हणून जमिनीवरच्या हल्ल्याला तिथले लोक थंडरबोल्ट मागत होते कारण त्याचं इंजिन हवेने थंड होणारं, एखादा सिलिंडर फुटला तरी धापा टाकत घरी आणतं, पण थंडरबोल्ट पुरेशी उरली नव्हती आणि स्पेअर त्याहून कमी. ठेवून दिली असती तर या प्रश्नाचं हे खरं उत्तर आहे, चुकीचं विमान ठेवलं आणि बरोबरचं कापलं. कोर्सेअरचं इंजिन हवेवरचं पण ऑइल कूलर पंखांच्या मुळाशी समोरच, तिथे गोळ्या लागायच्या, म्हणून पुढे मरीनसाठी एयू-१ काढलं त्यात कूलर आत सरकवले आणि पोटाला जास्त चिलखत दिलं.

आता सांभाळण्याचं. रेडियल इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी आम्ही पंखा हाताने फिरवायचो, ब्लेड मोजत मोजत, एकाने धरून सोडायचं दुसऱ्याने पुढचं धरायचं. मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही, कोणी नवीन पोरगा जोर लावायला गेला की आमचे सार्जंट लांबूनच ओरडायचे. कारण पिस्टन तेलावर टेकलाय आणि तेल दबत नाही, तसाच स्टार्ट केला तर कनेक्टिंग रॉड वाकणार आणि तो आज कळणार नाही, चार दिवसांनी डोंगरावर असताना कळेल. मग खालच्या सिलिंडरचे प्लग काढायचे, काळं तेल भळाभळा खाली. एका इंजिनाला छत्तीस प्लग, अठरा दुणे. पॅकेटला इंजिनं दोन. हिशोब तुम्ही करा. आणि लेहसारख्या उंचीवर ताकद कमी पडते म्हणून पॅकेटच्या डोक्यावर वेगळं ऑर्फियस जेट बसवलं होतं, नॅट फायटरला असतं ते, दोन पंखे आणि वर एक जेट, असलं विमान पाहिलंय का कोणी.

तर वीस वर्षं गोडाऊनमध्ये ठेवलेलं विमान हे विमान राहत नाही. रबरी नळ्या कडक होतात, सील सुकतात, प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं इन्सुलेशन ओल धरतं. नवे सिलिंडर कोण बनवणार, कारखाना कधीच जेटवर गेला. त्यातून इंधन, याला हाय ऑक्टेन पेट्रोल लागतं आणि बाकी सगळं एअरफोर्स केरोसीनवर, म्हणजे एका स्क्वाड्रनसाठी वेगळे टँकर, वेगळी पिंपं, वेगळी माणसं. माझ्यासारखा फिटरही वेगळा. जेट इंजिनाला हलते भाग कमी, ओव्हरहॉल लांबतो, त्यामुळे हिशोबनीसांनी पंखा बंद केला, शत्रूने नाही.

घणसोलीगरुड

काका सॅल्यूट _/\_ तुम्ही लिहिलंत ते कुठेच वाचायला मिळत नाही. पण शत्रूने बंद केला नाही हे नाही पटत. आपल्याच नौदलाचं उदाहरण घ्या ना. १० डिसेंबर १९७१, अलिझे गस्तीवर असताना पाकिस्तानच्या एफ-१०४ ने पाडलं, तीन जण गेले. पंख्याचं पाणबुडीशोधक विमान आणि समोर आवाजाच्या दुप्पट वेगाचं जेट. काय करणार होतं ते?

स्वाती_पाचपाखाडी

हो, आणि त्याच युद्धात ३ डिसेंबरच्या रात्री बांगलादेशच्या किलो फ्लाइट या हवाई तुकडीने ऑटर विमानातून चितगावचे तेलाचे साठे पेटवले. ऑटर म्हणजे काय, एका पिस्टन इंजिनाचं सामान वाहायचं विमान, आपल्या एअरफोर्सने त्याला रॉकेट आणि मशीनगन लावून दिली. तिथे रात्र होती आणि कोणी अपेक्षाच केली नव्हती. अलिझे दिवसा, उघड्या समुद्रावर, सोबत फायटर नाही. विमान पंख्याचं होतं हे दोन्हीकडे सारखंच, तेव्हा नुसत्या पंख्यावर खापर फोडू नकोस.

(अलिझे बघायचं असेल तर गोव्यात दाबोळीजवळच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये आहे. सगळे बीचवर जातात, तिथे शुकशुकाट असतो.)

नेरुळ_सेक्टर_वीस

मूळ प्रश्न नेफा आणि कारगिलचा होता, त्याला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहितोय.

६२ ला आपल्याकडे विमानांची टंचाई नव्हती. हंटर होती, कॅनबेरा बॉम्बर होते, मिस्टिअर, तुफानी, व्हॅम्पायर. एकही हल्ल्यासाठी वापरलं नाही. चीनने उलट कलकत्त्यासारख्या शहरांवर बॉम्ब टाकले तर काय, ही भीती दिल्लीत बसली होती. सगळा भार ट्रान्सपोर्टवर. डाकोटा, पॅकेट, ऑटर यांनी जीव तोडून काम केलं, एएन-१२ ने तर लडाखमध्ये चुशूलला एएमएक्स रणगाडे उतरवले. काकांच्या पॅकेटचं तर विचारूच नका, जुलै ६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं, पाच हजार मीटरवर! म्हणजे टेम्पेस्ट असती तरी ती हंटरच्या शेजारी उभीच राहिली असती.

पण समजा वापरायची ठरवली असती तर? माझ्या मते तिथे टेम्पेस्ट हंटरपेक्षा कामाची ठरली असती. ४७-४८ ला काश्मीरच्या डोंगरात टेम्पेस्ट हेच काम करत होती, हवेने थंड होणारं सेंटॉरस इंजिन, चार २० मिलीमीटर तोफा, बॉम्ब, रॉकेट. नेफातल्या सेला-बोमडिलाच्या दऱ्या अरुंद, ढग कायम उतरलेले, अशा ठिकाणी हळू उडणाऱ्या विमानाला दरीतच वळता येतं, जेटला वळायला पुढची दरी लागते. चिन्यांकडे तेव्हा खांद्यावरून सोडायची मिसाइल नव्हती, आणि तिबेटच्या पठारावरून जड लोड घेऊन उडणं त्यांच्या फायटरला सोपं नव्हतं.

कारगिल मात्र पूर्ण वेगळं, तिथे मी गरुडच्या बाजूने. २७ मे ९९ ला मिग-२१ मिसाइलने गेलं, २८ ला एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं, चौघं शहीद. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टर मागे घेतली. कारण साधं आहे, स्टिंगर (खांद्यावरून सोडायचं मिसाइल) घेऊन माणूस पाच हजार मीटरच्या शिखरावर बसलाय, तुमचं पंख्याचं विमान त्याच्या डोळ्यांसमोरून किंवा त्याच्याही खालून जाणार. सुपरचार्जर आहे, उंचीवर दम आहे हे सगळं खरं, पण त्या माणसाच्या तीन-चार किलोमीटर वर लोडसकट राहून खालचा बंकर नुसत्या डोळ्यांनी टिपायचा? तिथे मिराजने खूप वरून लेझर बॉम्ब टाकले तेव्हा टायगर हिलचं काम झालं. टेम्पेस्टने तिथे नुसती माणसं गेली असती.

घणसोलीगरुड

धन्यवाद, निदान एक तरी माणूस माझ्या बाजूने. आणि हेच व्हिएतनामला झालं ना. स्कायरेडरचं एवढं कौतुक, साडेतीन टन बॉम्ब उचलतं, तासन् तास घिरट्या घालतं, पडलेल्या पायलटला सोडवायला हेलिकॉप्टरच्या सोबत जातं, दोन मिग-१७ पण पाडली. सगळं खरं. मग १९७२ मध्ये स्ट्रेला नावाची खांद्यावरची मिसाइल आली, त्यात स्कायरेडर पडायला लागली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने सुटकेचं काम ए-७ जेटला दिलं.

फिटरकाका_ऐरोली

हे बरोबर बोललास. रेडियलचा एक्झॉस्ट जेटपेक्षा थंड असतो त्यामुळे आम्हाला वाटायचं उष्णता शोधणारं मिसाइल याला धरणार नाही. पण रात्री पॅकेट टेकऑफ घेताना पाहिलेलं आहे, एक्झॉस्टचे पाइप लालभडक, निळ्या ज्वाळा हातभर. मिसाइलला तेवढं पुरतं, आणि विमान हळू असल्यामुळे निसटायलाही जमत नाही.

नेवाळीचा_नाना

सगळे १९९९ ला येऊन थांबलात, जरा पुढे या की.

२०२४ पासून युक्रेनमध्ये याक-५२ म्हणजे पायलट शिकवायचं दोन सीटचं पिस्टन विमान, नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन (काका खूश होतील), ते ओडेसाच्या बाजूला रशियन ड्रोन पाडतंय. कसं पाडतंय तर मागच्या सीटवरचा माणूस झडप सरकवतो आणि बंदुकीने गोळ्या घालतो. पहिल्या महायुद्धासारखं! टेहळणीचे ड्रोन हळू उडतात, शाहेद हे हल्ल्याचे ड्रोनसुद्धा ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. सुपरसॉनिक फायटरला एवढं हळू उडता येत नाही आणि त्याच्यावर सोडायचं मिसाइल त्या ड्रोनपेक्षा महाग. स्वातीताईंच्या पो-२ ची गोष्ट परत, फक्त आता आत माणूस नाही.

आपल्याकडेही मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ड्रोनचे थवे आले तेव्हा कोण धावून आलं, एल-७० तोफा. मूळ बोफोर्सचं डिझाइन किती जुनं, पण तिला नवं रडार आणि दिवसरात्र दिसणारे कॅमेरे लावले होते. तोफ जुनी चालते, तिला दिसायला पाहिजे. तसं पंख्याच्या विमानाला आज थर्मल कॅमेरा आणि २० मिलीमीटरच्या तोफा दिल्या तर सीमेपासून आत, जिथे शत्रूचं फायटर आणि स्टिंगरवाला पोचत नाही, तिथे ड्रोनच्या शिकारीला एक नंबर. म्हणजे प्रश्नाचं माझं उत्तर, हो, पण आघाडीवर नाही, पिछाडीला.

बाकी आमच्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची धावपट्टी आहे, जमिनीचं भांडण अजून मिटलेलं नाही, २०१७ ला केवढा राडा झाला होता आठवत असेल. त्यामुळे तिथून टेम्पेस्ट उडवायची स्वप्नं कोणी बघू नका.

नेरुळ_सेक्टर_वीस

नाना, मुद्दा पटला पण त्यासाठी ऐंशी वर्षांचं टेम्पेस्ट कशाला? काकांनी सांगितलं ना सिलिंडर कोण बनवणार. नवं टर्बोप्रॉप (जेटसारख्या टर्बाइन इंजिनावर फिरणारा पंखा) घ्या, सुपर तुकानोसारखं, केरोसीनवर चालतं, पंखात मशीनगन आधीच आहेत, अफगाणिस्तानात २०१६ पासून वापरलंय. आपलं एचटीटी-४० पण आहे, बंगळुरूला एचएएल बनवतंय.

माजिवडा_मॉडेलर

वा, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. एकच शेवटचा. मग मस्टँगलाच टर्बोप्रॉप इंजिन लावलं असतं तर? सांगाडा तयार, डिझाइन तयार, पाण्याची भानगडच नाही, रेडिएटर काढून टाकला, पेट्रोलची कटकट गेली. कोणी केलं का नाही हे?

स्वाती_पाचपाखाडी

केलंय! एन्फोर्सर नाव. आधी १९७१ मध्ये मस्टँगच्याच सांगाड्यावर टर्बोप्रॉप बसवून उडवलं, अमेरिकन एअरफोर्सला नको होतं. पण ते बनवणाऱ्यांनी अमेरिकेच्या संसदेत एवढा पाठपुरावा केला की शेवटी सरकारनेच पैसे दिले, पायपर कंपनीने दोन नवी विमानं बांधली, पीए-४८, १९८३ ला उडाली, ८४ पर्यंत टेस्ट झाल्या. गंमत म्हणजे तोपर्यंत मस्टँगचे दहा टक्केसुद्धा पार्ट त्यात उरले नव्हते. शेपूट मोठी, पंखांच्या टोकाला टाक्या, पायलटला इजेक्शन सीट. टेस्ट बऱ्या झाल्या आणि एअरफोर्सने एकही घेतलं नाही, त्यांच्याकडे त्याच कामाचं ए-१० जेट होतं. दोन्ही म्युझियममध्ये गेली, एक ओहायोत डेटनला आहे.

फिटरकाका_ऐरोली

दहा टक्के पार्ट म्हणजे ते मस्टँग नव्हेच, नवीन विमान आहे. हे आधी सांगितलं असतं तर पैसे कोणी दिले नसते, म्हणून जुनं नाव लावलं असणार. असं इकडेही चालतं.

माजिवडा, टेम्पेस्टच्या किटमध्ये पंख्याला ब्लेड चार असतात बघ, आणि एक्झॉस्टच्या मागे बॉडीवर काळपट तेलाचा पट्टा रंगवायला विसरू नकोस. एकदम स्वच्छ रंगवलंस तर मी फोटो बघणार नाही.